प्लेगचे नाव उच्चारणारा नगराध्यक्ष

रोगाचे निदान करणे हे वैद्याचे नित्याचे कर्म होय. परंतु जे निदान ऐकावयास कोणीच राजी नाही ते उघडपणे बोलून दाखविणे, याला विद्येइतकेच धैर्यही लागते. अशा धैर्याचे पुरुष डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांचे चरित्र आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

त्यांचा जन्म गोव्यातील बार्देश महालात, हडफडे गावी, १ एप्रिल १८५६ रोजी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून १८८० मध्ये ते डॉक्टर झाले आणि मांडवी भागात त्यांनी व्यवसाय मांडला. मांडवी म्हणजे गोदीलगतची दाट वस्ती. एका मजल्यावर धान्याची वखार, दुसऱ्यावर बिऱ्हाडे, आणि उंदरांना मात्र सर्वत्र मुभा. १८८८ मध्ये डॉक्टरमजकूर मुंबई महापालिकेचे सभासद झाले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत तीव्र ज्वर आणि जांघेत किंवा काखेत गाठ अशी लक्षणे असलेले रोगी त्यांना आढळू लागले. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असा निर्णय त्यांनी दिला. या एका शब्दाचे मोल काय, हे मिरकरवाड्यासारख्या बंदरावरील माणसास समजावून सांगावे लागत नाही. बंदरात साथ आहे अशी वार्ता पसरली की गलबते दूर राहतात, माल धक्क्यावर कुजतो आणि हातावर पोट असणाऱ्यांची चूल विझते. मुंबईचे सारे वैभव तर बंदरावरच उभे होते. तथापि स्वतंत्र तज्ज्ञांनी तपासणी केली व व्हिएगस यांचेच निदान खरे ठरले.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिन यांनी शोधून काढला होता. परंतु तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसास बाधतो, हे सिमाँ यांनी दाखविले १८९८ मध्ये. मधल्या काळात सरकार गटारे धूत राहिले. व्हिएगस यांनी मात्र गलिच्छ वस्त्यांच्या सफाईबरोबर उंदरांच्या नाशाचाही आग्रह धरला. पुढे झालेल्या शोधाने त्या आग्रहाची योग्यताच सिद्ध झाली.

सरकारी उपायांत सक्ती फार होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडवरील रुग्णालयावर गिरणीकामगार चालून गेले. या कामगारवर्गात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांचा भरणा मोठा होता. १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला आणि त्याच वर्षी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. शिपायाच्या बुटाला लोकांनी दार लावून घेतले. ओळखीच्या डॉक्टरापुढे दंड पुढे करण्यास मात्र अनेकजण तयार झाले. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ती लस व्हिएगस यांनी स्वहस्ते सुमारे १८,००० माणसांना टोचली, असे सांगितले जाते.

या संकटाचा परिणाम शिरगणतीत दिसतो. १८९१ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या नगरीची वस्ती दहा वर्षांनी घटावी, यातच सर्व आले.

१९०६ मध्ये व्हिएगस महापालिकेचे अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिलेच एतद्देशीय ख्रिस्ती गृहस्थ. १८८८ च्या कायद्याने कारभाराची सूत्रे आयुक्ताच्या हाती दिली होती. अध्यक्षाचे बळ म्हणजे त्याचा शब्द. आणि या अध्यक्षाच्या शब्दाची कसोटी दहा वर्षांपूर्वीच लागलेली होती.

मुंबईच्या अध्यक्षास 'मेयर' ही संज्ञा १९३१ पासून लाभली. तिला 'महापौर' हा मराठी प्रतिशब्द देण्याचे श्रेय सावरकरांना दिले जाते. त्यांचे वडील १८९९ मध्ये प्लेगनेच गेले होते, आणि पुढे १९२४ ते १९३७ या काळात ते स्वतः रत्नागिरीत स्थानबद्ध होते. डॉ. व्हिएगस १९३३ मध्ये निवर्तले. मुंबईत मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे.

शास्त्र जाणणारा मनुष्य नगराच्या कारभारात असावा तो कशासाठी, याचे उत्तर या चरित्रात आहे. साथ लपविल्याने बंदर चार दिवस अधिक चालते. परंतु त्या चार दिवसांची किंमत नगराला मनुष्यांच्या प्राणांनी मोजावी लागते. हा हिशेब ज्याला वेळीच कळतो, आणि कळल्यावर जो गप्प बसत नाही, त्यालाच नगराने आपल्या शिरोभागी बसवावे.