पोलिसांचे टाकाऊ रेडिओ आणि हौशी मंडळी

पाडलेल्या वाड्याचे तुळवट गोठ्याच्या आढ्याला लागते, याचे आपल्याला नवल वाटत नाही. आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, पण जात तीच. पोलिसांनी टाकलेले रेडिओ हौशी मंडळींनी उचलले, आणि त्यातून बोलण्याची एक नवी रीत पडली.

हौशी रेडिओ म्हणजे काय, ते आधी सांगतो. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, स्वतःच्या यंत्रावरून दूरच्या माणसाशी बोलायचे. पैसा मात्र कमवायचा नाही. या मंडळींना ‘हॅम’ म्हणतात. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडचे हॅमही निरोप पोचवायला धावले होते.

पोलिसांच्या गाडीत रेडिओ नेमाने बोलू लागला तो १९२८ साली, डेट्रॉइट शहरात. तो नुसता ऐकायचा. हुकूम आला की शिपायाने निघायचे, उलट उत्तराची सोय नाही! १९३३ मध्ये बेयॉन गावी गाडीतूनही बोलता येऊ लागले. तरी इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर होतीच. एडविन आर्मस्ट्राँग यांची एफ.एम. पद्धत १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी घेतली. प्राध्यापक डॅनियल नोबल यांनी ती बसवून दिली. खरखर पुष्कळ निवळली. मग अग्निशामक दल, टॅक्सीवाले, सगळेच त्या वाटेने गेले.

गर्दी झाली आणि लहरींची जागा पुरेना. तेव्हा तिथल्या दळणवळण आयोगाने १९५० नंतरच्या दशकात ठरवले, की एकेकाच्या वाट्याची पट्टी निम्मी करायची. शेतात मधोमध बांध घालावा, तसेच हे. जुनी यंत्रे रुंद पट्टीवर चालणारी; ती या बांधात मावेनात. धडधाकट असून ती निकालात निघाली, आणि हॅमना स्वस्तात मिळाली.

यंत्र कसले, पेटाराच तो! गाडीच्या मागच्या डिकीत ठेवायचा, तिथून जाड केबल चालकापाशी आणायची. बोलायची कळ दाबली की बॅटरीवर एवढा भार पडे, की दिवे मिणमिणत. आत असे गारगोटीच्या जातीचा एक स्फटिक. त्याचे कंपन कितीतरी पटींनी वाढवून लहर तयार होई. पोलिसांचा एक पट्टा १५२ मेगासायकलच्या पुढे, हॅमचा १४४ ते १४८. म्हणजे शेजारचेच शिवार. नवा स्फटिक घालायचा, मापकाच्या काट्यावर नजर ठेवून एकेक स्क्रू हळूहळू फिरवायचा. एखादे वेटोळे दाद देत नसेल, तर तारेचा आणखी एक वेढा घालायचा. इंग्लंडात पाय कंपनीच्या गाडीतल्या यंत्रांनाही हॅमनी असेच कामाला लावले.

आता खरी गंमत ऐका. तोवरचे हॅम काटा फिरवीत, जिथे आवाज लागेल तिथे थांबत. हे यंत्र मात्र खुंट्याला बांधलेले. स्फटिकाच्या जागेवरून हलायचे नाही. पुष्कळ जाणत्यांनी नाके मुरडली. माझ्या मते तीच खोड उपयोगी पडली. सगळेच एका खुंट्याला बांधलेले असले, की चुकामूक व्हायची कशी? १४६.९४ हा आकडा अनेक शहरांत ठरून गेला. कोणी बोलत नसले की यंत्र गप्प बसे, म्हणून ते दिवसभर चालू ठेवले तरी घरच्यांना त्रास नाही. हाक मारली तर कोणीतरी ऐकणारे असण्याचा भरवसा आला. पुढे हॅमनी जुनी ठाण्यातली यंत्रे डोंगरमाथ्यावर नेली. गाडीतला क्षीण आवाज ती झेलीत आणि जोराने पुन्हा फेकीत. वादळात टेलिफोनच्या तारा पडल्या, की या सोयीचे मोल कळे.

२०१३ साली त्या आयोगाने पोलिसांच्या पट्टीत पुन्हा एक बांध घातला. हॅमना तो लागू नव्हता; म्हणून पुन्हा जुनी यंत्रे त्यांच्या हाती आली. या खेपेला त्यांतल्या बऱ्याचशा यंत्रांत स्फटिकही बदलावा लागला नाही. संगणकाला जोडून नवे आकडे भरले, की काम झाले.