उल्हास खोऱ्यातील मोह आणि ताडी : भूमीत रुजलेल्या एका घरगुती व्यवसायाचा इतिहास

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आज मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गावरील दाट वस्तीची शहरे असली, तरी दीडशे वर्षांपूर्वी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यात मोडत होता आणि भातशेती, गवताची कुरणे व डोंगरउतारांवरील जंगल यांवरच येथील लोकजीवन उभे होते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ व बदलापूरमार्गे वाहणाऱ्या उल्हास नदीच्या या खोऱ्यात द्राक्षाचा वेल कधी रुजला नाही. मात्र मोहाचे झाड, ताड आणि शिंदी यांच्यापासून पेय तयार करण्याचा, घराघरांत चालणारा आणि पिढ्यानपिढ्या हातात मुरलेला उद्योग येथे दीर्घकाळ नांदला. त्याच्या उत्कर्षाचा आणि ऱ्हासाचा मागोवा घेतला असता असे दिसते की, भूमी, कुटुंब आणि पेय यांचे नाते टिकणे किंवा तुटणे हे जमिनीच्या कसापेक्षा किंवा कारागिराच्या कौशल्यापेक्षा कायद्याने कोणाची बाजू घेतली यावर अधिक अवलंबून राहिले.

हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी इटलीचे उदाहरण उपयोगी पडते, कारण कुटुंबाच्या मालकीचा आणि विशिष्ट मातीशी जखडलेला मद्यव्यवसाय म्हटले की तोस्काना प्रांताचेच नाव प्रथम घेतले जाते. तेथील आंतिनोरी घराण्याच्या जोव्हान्नी दी पिएरो आंतिनोरी याची नोंद फ्लॉरेन्समधील वाइन व्यापाऱ्यांच्या संघात, म्हणजे व्यवसायाचे नियम ठरवणाऱ्या शहरी श्रेणीत, 1385 साली झाली आणि तेव्हापासून हा व्यवसाय त्याच घराण्यात चालत आलेला आहे. पुढे 1716 साली तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने फर्मान काढून कियांतीसह चार वाइन-प्रदेशांच्या सीमा ठरवून दिल्या, तर 1872 साली बेत्तिनो रिकासोली याने कियांती वाइनमध्ये कोणत्या जातीची द्राक्षे कशासाठी मिसळावीत याचे सूत्र लिहून ठेवले. 1963 च्या इटालियन कायद्याने अशा प्रदेशनिष्ठ नावांना संपूर्ण देशभर संरक्षण दिले. प्रत्यक्ष मळ्यात राबणारा कष्टकरी अनेक शतके अर्धेलीच्या, म्हणजे निम्मे पीक मालकाला देण्याच्या, कराराने बांधलेला होता आणि या परंपरेचा मोठा लाभ जमीनदार घराण्यांनाच झाला, हे विसरता येत नाही. तथापि संघ, ड्यूक आणि संसद या तिघांनीही पेयाचे नाव त्याच्या भूमीशी बांधून ठेवले, ही गोष्ट निर्णायक ठरली.

उल्हास खोऱ्यात या व्यवसायाचा पाया मोहाच्या झाडाने घातला. फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने गळतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात. फुलाचा मांसल, फिकट पिवळा पाकळीकोश साखरेने भरलेला असतो आणि तो रात्रीतून आपोआप गळून पहाटे झाडाखाली सडा पडतो. त्यासाठी झाडाखालचा पाला आधीच झाडून किंवा जाळून जमीन स्वच्छ केली जाई. ऊन चढण्यापूर्वी बायका व मुले टोपल्या घेऊन फुले वेचत आणि अंगणात पसरून, तांबूस होऊन आक्रसेपर्यंत, ती वाळवत. वाळलेली फुले वर्षभर टिकत. टंचाईच्या काळात ती शिजवून खाल्ली जात, गुरांना चारली जात आणि मीठमिरचीच्या मोबदल्यात दुकानदाराला दिलीही जात. फळातील बीपासून तेल निघे. वाळलेल्या फुलांतील काही भाग पाण्यात भिजवून मडक्यात आंबवला जाई. आंबवण तयार झाले की ते चुलीवर चढवून, वर दुसरे भांडे पालथे घालून, जोड मातीने लिंपून आणि पोकळ बांबूची नळी बसवून निघणारी वाफ गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवली जाई. सुरुवातीला उतरणारे तीव्र मद्य ते पहिल्या धारेचे, आणि पुढच्या धारा उत्तरोत्तर सौम्य होत जात. या कामाला लागणारे मडके, बांबू, सरपण आणि फूल हे सगळे गावाच्या शिवारातच मिळत असल्याने त्यासाठी सावकाराकडून भांडवल उचलावे लागत नसे.

ठाकर, कातकरी व वारली या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी समाजांत या पेयाचे स्थान केवळ नशेचे नव्हते. लग्न ठरवताना, देवाला नैवेद्य दाखवताना, पेरणी व कापणीच्या वेळी आणि मयताच्या विधीत ते लागे. पिण्याआधी काही थेंब धरणीला वाहण्याची रीत होती. किनाऱ्याकडील भागात हेच काम ताड, शिंदी व माड यांच्या रसाने होई. भंडारी समाजातील पुरुष कमरेला कोयती लावून झाडावर चढत, पोय म्हणजे फुलोऱ्याचा दांडा रोज थोडा थोडा छेदून त्याखाली मडके बांधत आणि सूर्योदयापूर्वी रस उतरवत. ताजा असताना तो गोड नीरा असे, ऊन चढले की आंबून ताडी होई, आणि ताडी गाळली की कडक मद्य तयार होई. झाड छेदण्याचे हे कसब बापाकडून मुलाकडे जाई.

राज्यसत्तेने या व्यवसायावर कर पूर्वीपासून बसवलेला होता. मराठी अमदानीत पुण्यासारख्या ठिकाणी मद्यनिर्मितीला मनाई असली, तरी कोकणात ताडी काढण्यासाठी राखलेल्या माडांना, म्हणजे भंडारमाडांना, स्वतंत्र आकार लागू होता. परंतु हा कर झाडावर असे. झाड कोणी छेदावे, रस कोठे गाळावा आणि तो कोणी प्यावा यांत सरकार फारसे लक्ष घालत नसे. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत मद्यविक्रीचे मक्ते लिलावाने देण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यामुळे गावातला उत्पादक व गावातला गिऱ्हाईक यांच्यामध्ये मक्तेदार नावाचा तिसरा पक्ष प्रथमच उभा राहिला.

भूमी, कुटुंब आणि पेय यांचे नाते खऱ्या अर्थाने तुटले ते 1878 साली. त्या वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा, म्हणजे मादक पदार्थांवरील कर व परवान्यांचा कायदा, संमत झाला आणि त्याच वर्षी भारतीय वन कायदाही आला. पहिल्याने घरची भट्टी बेकायदा ठरवली आणि दुसऱ्याने भट्टीला लागणारे सरपण, बांबू व फुले ज्या रानातून येत ते रान सरकारी राखीव क्षेत्रात जाण्याचा मार्ग मोकळा केला. अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांनी आखलेल्या या नव्या व्यवस्थेत विखुरलेल्या लहान भट्ट्या बंद करून मद्य सरकारी देखरेखीखालील मध्यवर्ती भट्ट्यांतच गाळावे, त्याची तीव्रता सरकारने ठरवावी आणि भट्टीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनवर कर घ्यावा, असे ठरले. ताडीच्या प्रत्येक झाडावर कर बसला आणि परवाना मिळालेल्या झाडांना क्रमांक देण्यात आले. ठाणे जिल्ह्याला मद्य पुरवण्यात त्या काळी मुख्यतः पारशी भट्टीवाल्यांच्या हाती असलेल्या उरणच्या भट्ट्यांचा वाटा मोठा होता. त्यामुळे कल्याण तालुक्यातील ज्या माणसाच्या दाराशी मोहाचे झाड होते, त्याला आता उरणच्या भट्टीत गाळलेले मद्य गावच्या परवानाधारक दुकानातून रोख पैसे देऊन किंवा उधारीवर घ्यावे लागू लागले.

तरीही फुले रानातच पडत होती आणि घरची भट्टी लपूनछपून पेटतच होती. महसुलाची ही गळती थांबवण्यासाठी 1892 साली मोहफुलांचा स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि तो ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांना लागू झाला. मोहफुले बाळगण्यावर आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर या कायद्याने बंधने घातली, म्हणजे मद्यच नव्हे तर मद्य ज्यापासून होऊ शकते ते फूलही संशयास्पद ठरले. उरणच्या भट्ट्यांसाठी मोहफुले पंचमहालांसारख्या दूरच्या प्रदेशातून आणली जात असताना ठाण्याच्या आदिवासीला स्वतःच्या झाडाखालचे फूल साठवणे गुन्ह्याचे ठरावे, यातच या व्यवस्थेचा हेतू उघड होतो. अन्न, चारा, तेल आणि देवाचा नैवेद्य असलेल्या वस्तूचा विचार सरकारने केवळ महसुलाच्या अंगाने केला.

मद्याच्या प्रसाराला विरोध करणाऱ्यांची भूमिकाही या इतिहासात तितकीच महत्त्वाची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना 1880 साली वाढत्या दारू दुकानांविरुद्ध आवाज उठवला, तो गरिबांच्या संसाराची होणारी धूळधाण पाहून. ही धूळधाण मुख्यतः दुकानाच्या उधारीवरच्या दारूने होत होती. हंगामापुरत्या, विधीपुरत्या आणि घरच्या फुलांच्या पेयाची जागा बारमाही, रोखीच्या आणि मक्तेदाराच्या नफ्याच्या पेयाने घेतल्याचा तो परिणाम होता. सुधारकांचा रोष रास्त होता. पण त्याची झळ पुढे दुकानाबरोबर मोहाच्या झाडालाही बसली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा जून 1949 मध्ये अमलात आला. त्यात मोहफुलांसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या, म्हणजे 1892 चा दृष्टिकोन नव्या राज्यानेही पुढे चालवला. त्याच वर्षी, 8 ऑगस्ट 1949 रोजी, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीच्या जागी उल्हासनगरची कोनशिला बसवण्यात आली आणि फाळणीत आपली भूमी गमावलेल्या सिंधी कुटुंबांना तेथे आश्रय मिळाला. या कुटुंबांनी पापड, मिठाई, फर्निचर आणि कापड यांचे घरगुती उद्योग उभारले व पुढे ते मोठ्या बाजारपेठांत रूपांतरित केले. शेजारच्या अंबरनाथमध्ये 1923 साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या आगपेटी कारखान्यापासून कारखानदारीची परंपरा सुरू झालेली होती. उल्हासनगरच्या घरगुती उद्योगाजवळ जमीन नव्हती, पण वस्तू उघडपणे बनवण्याची व विकण्याची मोकळीक होती. बदलापूर-मुरबाडकडील आदिवासी घराजवळ झाड, फूल आणि कसब होते, पण ही मोकळीक नव्हती. एकाच खोऱ्यातील या दोन कुटुंबव्यवसायांच्या भवितव्यातील अंतर यातूनच पडले.

दुसरीकडे, द्राक्षाच्या वाइनला महाराष्ट्रात कायद्याने हात दिला. 2001 च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणाने वाइननिर्मितीला अबकारी सवलती दिल्या आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात इटलीतील सेची बंधू, दिल्लीतील सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी एकत्र येऊन फ्रातेल्ली, म्हणजे ‘बंधू’, या नावाने मळे लावले व तोस्कानाचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली सांजोव्हेझे ही कियांतीची द्राक्षजात माळशिरसच्या मातीत रुजवली. सीमेपलीकडे गोव्यात काजूची बोंडे तुडवून, रस आंबवून आधी उर्राक आणि मग फेणी गाळणाऱ्या लहान भट्ट्या पोर्तुगीज काळापासून टिकून राहिल्या. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे वस्तूचे नाव तिच्या प्रदेशापुरते राखून ठेवणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले. मातीचे मडके, आंबवण आणि गाळप ही फेणीची पद्धत ठाण्याच्या मोहापेक्षा फारशी वेगळी नव्हती; वेगळा होता तो कायदा.

अलीकडच्या काळात या भेदाची काहीशी दुरुस्ती होऊ लागली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने मोहफुलांसह गौण वनोपजावरील, म्हणजे लाकडाखेरीज रानातून मिळणाऱ्या वस्तूंवरील, आदिवासींची मालकी मान्य केली आणि 2021 साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे व त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला. 1892 साली ठाणे-कुलाब्यात फुलावर आलेली बंदी उठायला अशा रीतीने सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. बदलापूरच्या जांभळालाही आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. उन्हाळ्याच्या शेवटी आसपासच्या पाड्यांवरील बायका पहाटे तोडलेली जांभळे पानांच्या द्रोणांत भरून बदलापूरच्या बाजारात विकतात. हे फळ दिवसभरातच मऊ पडत असल्याने उरलेला माल संध्याकाळी मिळेल त्या भावाने द्यावा लागतो आणि म्हणूनच रस, सरबत, बियांची पूड किंवा वाइन अशी प्रक्रिया करण्याचा हक्क व साधने त्यांच्याच हाती असणे महत्त्वाचे ठरते.

तोस्कानाचा इतिहास आणि उल्हास खोऱ्याचा इतिहास शेजारी ठेवले असता एकच निष्कर्ष निघतो. पेयाची परंपरा जपली जाते ती तिच्या उत्पादकाला कायद्याने ओळख दिली तर. उत्पादकाला गुन्हेगार ठरवले की झाड राहते, कसब लपते आणि नफा दुकानदाराकडे जातो. म्हणून मोह आणि जांभूळ यांना संरक्षण देताना त्याचा लाभ बाटली भरणाऱ्या कारखान्याबरोबर फूल वेचणाऱ्या व फळ तोडणाऱ्या कुटुंबालाही मिळावा, त्यांच्या गटांना प्रक्रियेचे परवाने सुलभपणे व अल्प शुल्कात द्यावेत आणि व्यसनाला आळा घालण्याचा अधिकारही त्याच गावांच्या ग्रामसभांकडे असावा. बदलापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील कुटुंबांना 1878 साली हिरावून घेतलेली उत्पादकाची जागा परत मिळाली, तरच या नव्या कायद्यांना न्याय म्हणता येईल.