खारा वारा आणि कळफलक

मालवणच्या किनाऱ्यावर ज्यांचें घर आहे, त्यांना लोखंडाचें आयुष्य किती थोडें असतें हें सांगावें लागत नाहीं. खिडकीचे गज रंगवून दोन पावसाळे लोटले कीं त्यांवर तांबूस फोड येतात. कुलपांत किल्ली अडूं लागते. सायकलची साखळी कुरकुरते. चिऱ्याची भिंत टिकते, पण तिच्यांत ठोकलेला खिळा टिकत नाहीं. समोर कुरटे बेटावर १६६४ सालीं पाया घातलेला सिंधुदुर्ग अजून लाटा झेलीत उभा आहे खरा. परंतु तेवढी छाती सर्वच वस्तूंना कोठून असणार? आज ज्या वस्तूविषयीं मला बोलावयाचें आहे ती तर फारच नाजूक आहे. ती म्हणजे लिहिण्याच्या यंत्राचा कळफलक. त्याच्या शोधाचा इतिहास पुष्कळांनीं सांगितला आहे. मी मुख्यतः त्याच्या बिघाडाचा सांगणार आहें.

निमित्त घडलें तें असें. १६ मे २०२१ रोजीं तौक्ते नांवाचें वादळ आमचा किनारा घांसून उत्तरेकडे गेलें. होड्या फुटल्या, जाळीं वाहून गेलीं, माडपोफळी आडव्या झाल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यांत नुकसानीच्या याद्या करण्याचें काम ठिकठिकाणीं चाललें होतें. माझी एक भाची अशाच एका कार्यालयांत टंकलेखनाच्या कामावर होती. कार्यालयाचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. एके दिवशीं वरिष्ठांच्या ध्यानांत आलें कीं, एका नाखव्याच्या नांवापुढें जाळ्यांचें नुकसान १२,००० असावयाचें तें १,२२,००० पडलें आहे. यादी पुन्हां चाळली तेव्हां आणखी दोन नांवांपुढें असाच फुगलेला आंकडा निघाला. त्या तिघांपैकीं एकजण आमच्याच वाडींतला. मग काय विचारतां! प्रथम ‘निष्काळजीपणा’ हा शब्द निघाला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या जागीं ‘लबाडी’ हा शब्द आला. पोर रडत घरीं आली नि म्हणाली, “मामानू, मिया एकदाच दाबलंय, तां दोनदा येता.”

तिच्या या एका वाक्यावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, हा खरा प्रश्न होता. लिहिणारा हात आणि उमटणारें अक्षर यांच्यामध्यें यंत्र आलें, तेव्हांपासूनच हा प्रश्न उभा आहे.

अमेरिकेंतील क्रिस्टोफर शोल्स व त्याचे सोबती यांनीं १८६८ सालीं लेखनयंत्राचें पेटंट घेतलें, आणि १८७४ मध्यें रेमिंग्टन या बंदुका व शिवणयंत्रें करणाऱ्या कारखान्यानें तें बाजारांत आणलें. त्या पहिल्या यंत्रांत अक्षराचे दांडे कागदाच्या खालच्या बाजूनें वर आदळत. त्यामुळें काय उमटलें हें लिहिणाऱ्यास कांहीं ओळी पुढें गेल्यावांचून दिसतच नसे. दोन दांडे एकदम उठले तर एकमेकांत अडकत. इंग्रजी कळफलकावर अक्षरें आज ज्या विचित्र क्रमानें बसलीं आहेत तो क्रम ही अडकाअडक टाळण्यासाठींच योजिला, असें सांगण्याची रीत आहे. कांहीं संशोधकांना तें मान्य नाहीं. तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या सोयीनें तो ठरला, असें ते म्हणतात. वाद कांहींहि असो. पुढें दांडे कागदाच्या समोरून आदळणारीं यंत्रें आलीं आणि लिहिणाऱ्यास आपली चूक तत्काळ दिसूं लागली. माझ्या मतें लेखनयंत्राच्या इतिहासांत याहून मोठी सुधारणा झाली नाहीं.

देवनागरीची अडचण निराळी होती. छापखान्यांत जोडाक्षरें व मात्रायुक्त अक्षरें धरून खिळ्यांचे कित्येक शें घर लागत, आणि यंत्रावर तर पंचेचाळीसेक कळा. प्रत्येकीवर दोन चिन्हें धरलीं तरी नव्वदांच्या आंतबाहेर संसार उरकावयाचा! म्हणून लिपीच आटोपशीर करावी असें पुष्कळांना वाटूं लागलें. रत्नागिरीस १९२४ ते १९३७ पर्यंत स्थानबद्ध असतांना सावरकरांनीं ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला. ‘इ’, ‘उ’ हे स्वर निराळे न लिहितां ‘अ’लाच वेलांटी-उकार द्यावा, म्हणजे खिळे कमी लागतील, ही त्यांतील कल्पना. ‘किर्लोस्कर’ मासिकानें ती कित्येक वर्षें वापरली. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ च्या १ मेपर्यंत त्याच रत्नागिरींत मोडत होता, तेव्हां या चळवळीवर थोडा आमचाहि हक्क सांगावयास हरकत नाहीं.

यंत्रकारांनीं मात्र लिपी न बदलतां दुसरी युक्ति केली. अर्धें अक्षर एका कळेवर, काना दुसरीवर. आणि मात्रा, अनुस्वार, रफार यांच्यासाठीं ‘अचल’ कळा. म्हणजे ती कळ दाबली कीं चिन्ह उमटे, पण कागदाचा गाडा पुढें सरकत नसे. ही योजना मोठी सुबक. पण तिच्यांतूनच खास देवनागरी बिघाड जन्मास आला. अचल कळेनें चुकून गाडा सरकविला कीं अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे, आणि साध्या कळेनें गाडा सरकविला नाहीं तर दोन अक्षरें एकमेकांच्या मानेवर बसत.

माझे काका मालवणांत टंकलेखनाचा वर्ग चालवीत. १९५५ मध्यें गोदरेज कंपनीनें पहिलें भारतीय बनावटीचें लेखनयंत्र काढलें, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कामकाज मराठींत होऊं लागलें. तेव्हांपासून मराठी टंकलेखकांना चांगले दिवस आले होते. काकांच्या वर्गांत आठ यंत्रें होतीं, आणि रात्रीं त्या आठांवर आठ दुलया पडत. दर शनिवारीं ब्रश, रॉकेल आणि शिवणयंत्राचें तेल घेऊन आम्ही मुलें त्यांच्या हाताखालीं बसत असूं. अक्षराचें पोट भरलेलें दिसलें तर शाईचा मळ. अक्षर ओळीच्या वर-खालीं उडालें तर वरच्या चिन्हांची कळ नीट बसत नाहीं. अक्षरें एकावर एक आलीं तर गाड्याचा दांता झिजला. हें सर्व निदान ते कागद उजेडाकडे धरून करीत. विद्यार्थ्याला बोल लावण्यापूर्वीं तोच मजकूर शेजारच्या यंत्रावर लिहावयास लावीत. चूक मुलाबरोबर गेली तर मुलाची, जागेवर राहिली तर यंत्राची.

पुढें संगणक आला. एप्रिल २०११ मध्यें ‘जगांतील शेवटचा लेखनयंत्राचा कारखाना बंद’ अशी गोदरेजच्या कारखान्याविषयींची बातमी देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकली. ती ‘शेवटचा’ या शब्दापुरती खोटी होती, पण काकांच्या वर्गाची आठ यंत्रें त्याआधींच माळ्यावर गेलीं होतीं.

संगणकाच्या कळफलकांत दांडाहि नाहीं व गाडाहि नाहीं. आंत प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात. त्यांवर चांदीच्या भुकटीच्या शाईनें वाटा रेखलेल्या असतात. शंभरावर कळांना शंभर तारा न देतां बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें आडव्या-उभ्या मिळून वीसपंचवीस वाटांवर काम भागवितात. कळ दाबली कीं एक आडवी व एक उभी वाट एकमेकींस भिडतात, आणि सेकंदाला शेंकडों फेऱ्या घालणारा एक चिमुकला पहारेकरी त्या घराची वर्दी संगणकास देतो. धातूला धातू भिडतांना स्पर्श क्षणभर थरथरतो. ही थरथर म्हणजे नवा ठोका समजूं नये म्हणून पहारेकरी सेकंदाचे कांहीं सहस्रांश थांबून मगच वर्दी देतो. पण वाट गंजली, स्पर्श कच्चा झाला, तर थरथर त्याच्या सबुरीपेक्षां जास्त वेळ टिकते, आणि एका दाबाचीं दोन अक्षरें उमटतात.

दुसराहि एक चमत्कार या पटांत घडतो. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्या गेल्या तर चौथी, न दाबलेली कळहि दाबल्यासारखी भासते. ओलीनें एखादी कळ आंतल्या आंत दाबलेलीच राहिली असेल, तर लिहिणाऱ्याच्या दोन निर्दोष बोटांतून भलतेंच तिसरें अक्षर निघूं शकतें. यंत्र लहरी वाटतें तें यामुळें.

आतां ओल येते कोठून? कोंकणांत पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, हें उत्तर अर्धेंच झालें. निव्वळ दमट हवेनें कळफलक इतका बिघडत नाहीं. दुपारीं समुद्रावरून येणारे खारे वारे मिठाचे सूक्ष्म कण घेऊन घरांत शिरतात व फटीफटींत बसतात. नेहमींचें मीठ हवेंतील आर्द्रता सुमारें पंचाहत्तर टक्क्यांवर गेली कीं पाणी ओढून स्वतःच विरघळतें. समुद्राच्या मिठांतील मॅग्नेशियमचा क्षार तर तेहतीस टक्क्यांनाच ओलावतो. खारें पाणी विजेला वाट देतें आणि चांदीच्या वाटा खातें. ऊन पडून हवा सुकली कीं तीच जागा पुन्हां कोरडी, आणि यंत्र शहाणें! आमची भाची हिवाळ्यांत सकाळीं चुका करी व अकरानंतर बिनचूक लिही, म्हणून कार्यालयांत तिला झोपाळू ठरविलें होतें. सकाळचा तो दंवाचा ओलावा कोणाच्या ध्यानांत आला नाहीं.

मीं काकांच्या रीतीनेंच जावयाचें ठरविलें. प्रथम कळफलक सोडून इतर कारणें पाहिलीं, कारण ज्याला बिघाड म्हणतात तो पुष्कळदां बिघाडच नसतो. जुन्या लेखनयंत्राच्या वळणावर शिकलेला मनुष्य ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं दाबतो. इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें १९८६ सालीं व सुधारून १९८८ सालीं प्रमाण ठरविलेल्या इनस्क्रिप्ट वळणांत ‘क’ आधीं व वेलांटी मागून येते. एका वळणावरून नकळत दुसऱ्यावर गेलें कीं सारा मजकूर गिचमीड होतो आणि शिव्या यंत्राला बसतात. ‘दर्या’ लिहावयाचा असतां ‘दऱ्या’ उमटला, किंवा ‘किनाऱ्या’वरचा अर्धा ‘र’ रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर चढला, तर त्यांतहि यंत्राचा दोष नसतो, त्या मराठी ‘र’साठीं निराळें अक्षर योजावें लागतें, एवढेंच. विंडोज प्रणालींत शिफ्टची कळ ओळीनें पांच वेळां दाबली, किंवा उजवीकडची आठ सेकंद धरून ठेवली, तरी कळफलकाच्या वागणुकीचे नियम बदलण्याची व्यवस्था आहे. अपंगांच्या सोयीसाठीं केलेली ही योजना अजाणतां जागी होते व माणूस चक्रावतो. यांतलें येथें कांहीं नव्हतें.

मग भाचीला मीं एक वही दिली. चूक कोणती, किती वाजतां, आणि बाहेर पाऊस कीं उघडीप, एवढें तिनें आठ दिवस लिहावें. सर्व चुका दोनाच्या आंकड्याच्या आणि त्याच्या शेजारच्या दोन कळांच्या निघाल्या. झडीच्या दिवशीं त्या दिवसभर होत्या, आणि लख्ख उघडीप झालेल्या दोन दुपारीं एकहि नव्हती. नवव्या दिवशीं दुसऱ्या टेबलावरचा कळफलक तिच्या संगणकास लावला, चुका थांबल्या. तिचा कळफलक त्या दुसऱ्या टेबलाकडे गेला, आणि तेथील गृहस्थांच्या पत्रांत दोनाचे बावीस होऊं लागले. ते गृहस्थ बावीस वर्षें नोकरींत होते. त्यांना झोपाळू म्हणण्याची कोणाची छाती नव्हती!

तरीहि लबाडीचा संशय एवढ्यानें फिटेना. यंत्र नादुरुस्त होतें हें खरें; पण नादुरुस्तीचा फायदा घेतला नसेल कशावरून, असें एक म्हणणें निघालें. त्याचें उत्तर यादींतच सांपडलें. नांव, गांव व नुकसान यांच्यापुढें भ्रमणध्वनीचा क्रमांक लिहिलेला होता. तो दहा आंकड्यांचा असतो. यादींत सात क्रमांक अकरा आंकड्यांचे निघाले, आणि सातांतहि जादा आंकडा दोनाचाच होता. कोणी कोणाच्या टेलिफोनचा क्रमांक वाढवून पैसे खात नाहीं. आणखी एका ओळींत तर होडीची नोंदणी चुकीची पडल्यामुळें खऱ्या नुकसानग्रस्ताचा अर्जच बाजूस ठेवला गेला होता, आणि तो आमच्या घरच्यांचा जवळचा आप्त होता. हा कागद पुढें ठेवल्यावर बोलणें थांबलें. क्षमा कोणीं मागितली नाहीं; ती रीत कार्यालयांतून फारशी नसते.

कळफलक मीं मागून घरीं आणला आणि उघडला. दोनाच्या घराखालीं चांदीची वाट काळवंडून केसासारखी बारीक झाली होती, नि कडेला पांढरट कणांची रेघ. येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतों. असे कळफलक स्पिरिटानें पुसण्याचा प्रघात आहे. पण मीठ स्पिरिटांत जवळजवळ विरघळत नाहीं, तें केवळ इकडचें तिकडे होतें. ऊर्ध्वपातित पाण्यानें भिजविलेल्या मऊ फडक्यानें आधीं मीठ काढावें, मग स्पिरिटानें पाणी उडवावें, आणि दोन दिवस कोरड्या उबेंत ठेवल्यावांचून वीज जोडूं नये. मीं तसें केलें. शेजारच्या दोन कळा सुधारल्या. दोनाची सुधारली नाहीं. तिची वाट गेलेलीच होती.

यादी नव्या कळफलकावर पुन्हां लिहून ऑगस्टांत रवाना झाली. भाची अजून तेथेंच आहे. संध्याकाळीं निघतांना ती कळफलकावर जाड कापडाची दुलई घालते आणि खालीं ओल शोषणाऱ्या गोळ्यांची पुडी सरकवते. दुलई काकांच्या माळ्यावरचीच आहे. आठांपैकीं धड उरलेली तेवढी एक.