सेंट मेरी चर्चमधील श्वार्ट्झ-स्मारक आणि तंजावरचे सरफोजी

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरी चर्च हे सुएझच्या पूर्वेकडील सर्वांत जुने अँग्लिकन चर्च मानले जाते. गव्हर्नर स्ट्रेनशॅम मास्टर याच्या पुढाकाराने, किल्ल्यातील इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीतून, त्याचे बांधकाम मार्च १६७८ मध्ये सुरू झाले आणि २८ ऑक्टोबर १६८० रोजी त्याचा समर्पणविधी झाला. सुमारे चार फूट रुंदीच्या भिंती व दोन फूट जाडीचे विटांचे कमानदार छत यांवरून त्याची रचना स्पष्ट होते: तोफगोळ्यांच्या माऱ्यातही टिकावे, अशा बेताने हे प्रार्थनास्थळ बांधलेले आहे. १७५८-५९ च्या फ्रेंच वेढ्यातून ते बचावले.

या चर्चमधील एक स्मारक मराठी अभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक पाहावे असे आहे. मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावर येथे निवर्तला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याचे स्मारक जॉन बेकन (धाकटा) याच्याकडून घडवून येथे बसविले. त्यातील उठावशिल्पात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ, त्याचे सहकारी धर्मोपदेशक, आश्रित मुले आणि क्रूस घेऊन उतरणारा देवदूत दिसतो. तुळजाराजांनी आपला दत्तकपुत्र सरफोजी याला श्वार्ट्झच्या हाती सोपवू पाहिले, हे शिलालेखात नमूद आहे. शिल्पात मात्र सरफोजी नाही.

सरफोजींनी स्वतः जॉन फ्लॅक्समन याच्याकडून करविलेले स्मारक तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये आहे. प्रसंग तोच, पण तेथे मरणोन्मुख गुरूचा हात राजाने हाती घेतला आहे. कंपनीच्या शिल्पात या मृत्यूची परिणती स्वर्गात होते, तर राजाच्या शिल्पात गुरुशिष्यसंबंधात.

हा भेद कालसंदर्भात अधिक अर्थपूर्ण ठरतो. १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि सरफोजींकडे मुख्यतः किल्ला व राजपद उरले. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. मंदिरात कुलपरंपरेचा वारस आणि चर्चमध्ये कृतज्ञ शिष्य, अशा दोन नात्यांनी त्यांनी आपले स्थान दगडात नोंदविले. म्हणून सेंट मेरी चर्चमधील शिल्प तंजावरच्या या दोन नोंदींसह वाचले, तरच त्यातील राजाची अनुपस्थिती ध्यानी येते.