डोस वाढवून बोंडअळी हटत नाही

तलवाड्यापासून गेवराईपर्यंत कापसाच्या शिवारात एक मत पक्कं झालं आहे: अळीला औषधाची सवय झाली, तेव्हा डोस वाढवा, दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवा. या मतामागे अनुभव आहे. पूर्वी ज्या मापाने अळी मरायची त्या मापाने आता मरत नाही, हे खरंच. निदान मात्र चुकलं आहे.

अळीचं अळीपण दोन-तीन आठवड्यांचं. तेवढ्यात सवय कसली लागणार? बदल होतो तो पिढ्यांमध्ये. काही थोड्या अळ्या जन्मतःच विष पचवणाऱ्या असतात. फवाऱ्याने बाकीच्या मरतात आणि पुढची पिढी या वाचलेल्यांची वाढते.

मग इतकं जालीम विष द्यावं की एकही वाचू नये, असं कुणी म्हणेल. आक्षेप वजनदार आहे. झाडातच अळीचं विष असलेल्या बीटी कापसामागचा विचारही तोच होता. पण त्याला एक अट होती. शेजारी बिगर-बीटी कापूस हवा, म्हणजे तिथले विषाला बळी पडणारे पतंग वाचलेल्यांशी जुळतील आणि प्रतिकार विरळ होईल. आपण बियाण्यासोबतची १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी पेरलीच नाही. २००२ साली एका जनुकाचं बीटी आलं, २००६ला दोन जनुकांचं. २०१७मध्ये शेंदरी बोंडअळीने महाराष्ट्रभर दोन्हींना दाद दिली नाही.

फवाऱ्याने तर हा हिशेब जमणारच नाही. शेंदरी अळी अंड्यातून निघताच पाते-बोंडात शिरते आणि मागचं छिद्र बुजतं. आतल्या अळीपर्यंत दुप्पट डोसही पोचत नाही. पोचतो तो फवारणाऱ्याच्या अंगात. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतरही पंपात औषधं कालवण्याचा सल्ला दिला जावा, याचा मला संताप येतो.

अमेरिकेने २०१८मध्ये आपला कापूस या अळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. तिथे बीटीच्या जोडीला वांझ पतंग सोडले, सापळे लावले, पऱ्हाट्या वेळेवर गाडल्या. ही अळी जगते मुख्यतः कापसावरच, म्हणून तिला उपाशी ठेवता येतं. फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही राखलेली पऱ्हाटी, मार्चपर्यंत उभी ठेवली की अळीचा उपास मोडतो. पहिल्या वेचण्यांत खर्च निघत नाही म्हणून फरदड ठेवणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. मी देणार नाही. पण डिसेंबरअखेर अख्ख्या गावाने रान मोकळं केलं तरच उपयोग. पुढच्या हंगामात एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच फवारा काढावा, तोही एकाच औषधाचा, शिफारशीच्या मापाने.