प्रादेशिक आराखडा आणि गोव्याचे हरित क्षेत्र

शहराची वाढ जिथे थांबावी, ती सीमा मोकळ्या जमिनीने आखून ठेवायची, ही हरित पट्ट्यामागील मूळ कल्पना. एबेनेझर हॉवर्ड यांनी 1898 मध्ये उद्याननगराचा विचार मांडला, तेव्हा नगराभोवती शेतीचे कडे त्यांनी गृहीत धरले होते. लंडनच्या संदर्भात 1938 मध्ये या कल्पनेला कायद्याचा आधार मिळाला. दिल्लीच्या 1962 च्या बृहत् आराखड्यातही सुमारे एक मैल रुंदीचा पट्टा दाखवलेला होता. त्याचा बराच भाग पुढे वस्त्या आणि फार्महाऊस यांनी गिळला.

गोव्यात असा पट्टा कोणी वेगळा आखला नाही. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव यांच्या मधली शेते, खाजने, बागायती आणि डोंगरउतार हाच येथील पट्टा होय. 3,702 चौरस किलोमीटरच्या या राज्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 62 टक्के लोकसंख्या शहरी होती. देशातील राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक. मात्र एखादे महानगर फुगून हे घडले नाही. गावेच एकेक करून जनगणनेच्या निकषांनुसार शहरी ठरत गेली. त्यामुळे हिरवी जमीन राखण्याचा प्रश्न येथे प्रामुख्याने पंचायतीच्या हद्दीत उभा राहतो.

1974 च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात दोन पातळ्या आहेत: संपूर्ण राज्यासाठी प्रादेशिक आराखडा आणि ठरावीक नियोजन क्षेत्रांसाठी बाह्यविकास आराखडा. जमीन वसाहतीची, बागायतीची की शेतीची, हे या नकाशांवरून ठरते. झोन बदलला की जमिनीचा भाव कित्येक पटींनी चढतो. लाभ एका भूखंडाच्या मालकाला मिळतो. तोटा गावभर विखुरतो आणि बहुधा काही पावसाळ्यांनंतर दिसू लागतो. दबावाचे गणित इतके सरळ आहे.

ऑगस्ट 2006 मध्ये अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा 2011’ ने शेती व डोंगरांचे मोठे भाग वसाहतीसाठी खुले केल्याचे उघड होताच डॉ. ऑस्कर रिबेलो यांच्या नेतृत्वाखाली ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिदलाने, गावपातळीवर हरकती व सूचना मागवून, ‘आराखडा 2021’ तयार केला. राज्याची सुमारे 80 टक्के जमीन त्यात दोन पर्यावरण-संवेदनशील विभागांत टाकलेली होती. 2012 मध्ये तो स्थगित झाला. 2018 पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा लागू झाला.

आराखडा एकदम मोडायचा म्हटले तर लोक रस्त्यावर येतात, हे 2006 ने दाखवून दिले. नंतरची झीज भूखंडाभूखंडाने झाली. 2023 मध्ये कायद्यात आलेल्या कलम 17 (2) चे घोषित प्रयोजन आराखड्यातील अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याचे होते. नकाशात चुका असतात हे खरेच. परंतु वैयक्तिक अर्जावर होणारी दुरुस्ती आणि झोनबदल यांतील रेषा फार पातळ आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 13 मार्च 2025 रोजी या कलमाखालील नियम व मार्गदर्शक तत्त्वे रद्द ठरवली आणि कलमाची व्याप्ती मर्यादित केली.

एका भूखंडाने काय बिघडते, हे खाजनात स्पष्ट दिसते. भरतीच्या पातळीखालची ही जमीन बांध घालून खाडीपासून राखलेली असते. ओहोटीला मानशीची दारे उघडून साचलेले पाणी बाहेर जाते, भरतीला ती मिटून खारे पाणी अडवतात. डोंगरावरून उतरणारे पावसाचे पाणीही याच सखल भागात विसावते. रस्त्यालगतच्या एका तुकड्यावर मातीचा भराव पडला की निचऱ्याची वाट अडते आणि शेजारचे शेत तुंबते. दोन-तीन हंगाम पीक गेले की कसणारा शेत सोडतो, बांधाची डागडुजी थांबते, जमीन पडीक होते. मग पडीकपणा हेच रूपांतराचे कारण म्हणून पुढे केले जाते! डोंगर कापण्यास आणि सखल जमीन बुजवण्यास पूर्वपरवानगीशिवाय मनाई करणारे कलम 17-अ कायद्यात आहे. पण एकदा भराव पडल्यावर दंड झाला, तरी जुना निचरा सहसा परतत नाही.

2024 मध्ये समाविष्ट झालेले कलम 39-अ आणखी पुढे गेले. त्याद्वारे प्रादेशिक तसेच बाह्यविकास, दोन्ही आराखड्यांत अर्जावरून झोनबदल शक्य झाला आणि त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले. या प्रक्रियेत लोकांच्या सूचनांसाठी 30 दिवसांची मुदत ठेवलेली आहे. जाहीर सूचनेत सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, जुना झोन आणि प्रस्तावित झोन एवढे छापले जाते. त्या तुकड्यातून वाहणारा ओहोळ कोणत्या मानशीला जाऊन मिळतो, हे गावकऱ्यांनाच सांगावे लागते.