बारा गुणिले अठरा

निकाल मंगळवारी लागला, सीताबर्डीच्या एका दुकानात. मदरबोर्ड गेला. हार्डडिस्क गेली. ग्राफिक्स कार्डाचे पंखे फिरतात, पण पडद्यावर काही येत नाही. प्रोसेसर तेवढा वाचला. काउंटरवरच्या पोराने आमचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तळहातावर घेतला, बाजारात कोबीचा गड्डा जोखतात तसा वरखाली केला आणि म्हणाला, "काका, इतका हलका डबा हातात घेऊन शंका नाही आली तुम्हाला?"

मी बँकेत लोकांचे हिशेब तपासतो. ताळेबंदात बावीस रुपयांचा फरक निघाला तर मला झोप लागत नाही. म्हणून २८ मे २०२३ चा रविवार मी नंतर वहीत तासातासाने मांडला. स्फोटाची वेळ पक्की ठाऊक होती, कारण भिंतीवरचं विजेवर चालणारं घड्याळही तेव्हाच बंद पडलं : सायंकाळी ७.२४.

सकाळी ९.३०. उरले ९ तास ५४ मिनिटं

टेबलावर तर्री-पोह्याच्या बशा, त्यांच्या शेजारी आदल्या दिवशी आणलेले खोके. तीन दिवसांपूर्वी बारावीचा निकाल लागला होता. भाच्याला बरे मार्क पडले होते आणि मामाने शब्द दिला होता. २०१८ साली जोडून घेतलेला आमचा पीसी : रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, आठ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय. व्हॅलोरंट त्यावर मजेत चालायचा. सायबरपंक लावला की मात्र रात्रीच्या शहरातले लोक थांबत थांबत चालायचे, पाय दुखत असल्यासारखे.

बजेट साडेबारा हजार. सेकंडहँड आरएक्स ५८० कार्ड ६,५००, एसएसडी २,३००, प्रोसेसरवर बसवायचा उंच कूलर १,९००, आणखी आठ जीबी रॅम १,७००, एक कन्व्हर्टर १००. बेरीज बरोबर १२,५००. यादीत आणखी एक ओळ होती : एसएमपीएस, ३,९००. ती मी स्वतःच्या हाताने खोडली. जुना चालू होता ना! त्यावर ठसठशीत अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं. भाच्याने तोंडी हिशेब केला, "मामा, कार्ड १८५, प्रोसेसर ८८. पावणेदोनशे वॅट शिल्लक राहतात." मला शिल्लक हा शब्द नेहमीच आवडतो.

हा एसएमपीएस आम्ही कधी विकत घेतलाच नव्हता. कॅबिनेटसोबत फुकट आला होता.

बायको शाळेत गणित शिकवते. तिने स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "आधी माझे पेपर पेनड्राइव्हवर घ्या, मग काय ते उघडा." पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्या हार्डडिस्कवर होत्या. मी म्हटलं, संध्याकाळी घेतो.

११.०५. उरले ८ तास १९ मिनिटं

दिवसातलं पहिलं संकट हे, आणि त्या वेळी वाटलं हेच शेवटचं.

जुना कूलर काढायचा होता. पाच वर्षांत थर्मल पेस्ट वाळून चुन्यासारखी घट्ट झाली होती. चार स्क्रू सैल करून भाच्याने कूलर सरळ वर ओढला. 'टक्' असा आवाज झाला आणि कूलरसोबत प्रोसेसरही वर आला. खटका लावलेला असतानाच तो सॉकेटमधून उपटला गेला होता. एएम४ सॉकेटची ही जुनी खोड. इंटेलच्या बोर्डावर पिना सॉकेटमध्ये असतात आणि प्रोसेसर वरून लोखंडी चौकटीने दाबलेला असतो. इथे पिना प्रोसेसरच्याच पोटाला, आणि धरून ठेवायला फक्त बाजूचा खटका. पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करायची, कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा आणि मगच उचलायचा, हे आम्हाला त्यानंतर कळलं.

१३३१ पिना. मी चष्मा कपाळावर सरकवून, डोळा अगदी जवळ नेऊन, पुस्तकाच्या ओळी वाचाव्यात तशी एकेक रांग वाचत गेलो. तिसऱ्या रांगेत एक पिन वाकलेली, कोपऱ्यापाशी आणखी एक. बायकोच्या कंपासमधली पॉइंट फाइव्हची पेन्सिल घेतली, तिच्यातलं शिसं काढलं, पोकळ टोक पिनेवर बसवलं आणि श्वास रोखून अर्धा केस इकडे, अर्धा केस तिकडे केलं. बाहेर नवतपा लागलेला. खोलीतल्या तापमापीवर ३६. डेझर्ट कूलर बंद ठेवला होता, कारण वाळ्याच्या ताट्यांवरून येणारी ओल उघड्या बोर्डाला नको. कपाळावरचा घाम सॉकेटमध्ये पडू नये म्हणून भाचा माझ्या भुवया नॅपकिनने टिपत होता. चाळीस मिनिटं लागली. प्रोसेसर सॉकेटवर ठेवला तेव्हा तो न दाबता, आपल्या वजनानेच आत बसला.

तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट, वर नवा कूलर. वाटलं, आता आपल्याला काही अशक्य नाही. दिवसभराच्या चुकांचं मूळ मी याच क्षणात धरतो.

१२.४०. उरले ६ तास ४४ मिनिटं

सुरू झाला. बायोस उघडल्यावर कळलं, ३२०० मेगाहर्ट्झची आमची जुनी रॅम पाच वर्षं २४०० वरच धावत होती. एक्सएमपी नावाचं खातं चालू करायचं असतं, ते कोणी केलंच नव्हतं. एक बटण दाबलं, वेग वाढला, पैसा शून्य. इथे थांबलो असतो तर दिवस नफ्यात होता.

२.५०. उरले ४ तास ३४ मिनिटं

ओव्हरक्लॉकिंग. इंटेलकडे यासाठी नावामागे 'के' असलेला प्रोसेसर आणि महागडा झेड मालिकेतला बोर्ड घ्यावा लागतो. रायझनचा गुणक मात्र जवळजवळ सगळ्या प्रोसेसरांत मोकळा, आणि बी४५० वर तो बदलताही येतो. गरिबाघरची चैन म्हणतात ती हीच.

आमचा प्रोसेसर सगळे सहा कोर कामाला लागले की ३.७ गिगाहर्ट्झच्या आसपास राहायचा, १.२ व्होल्टवर. ३.९ सहज गाठला. ४.० ला थोडं व्होल्टेज वाढवलं. ४.१ ला सिनेबेंच सुरू केलं की निळा पडदा. १.३२५, निळा. १.३५, पुन्हा निळा. १.४ ला मात्र टिकला. तापमान ८४. याची कमाल मर्यादा ९५, म्हणून आम्ही खूश. कूलर कितीही उंच असला तरी तो उष्णता फेकतो खोलीतल्याच हवेत, आणि खोली ३६ वर असेल तर मोजणी तिथूनच सुरू होते.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. वेग वाढला की वीज त्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढलं की वीज त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२ चे १.४ केले की छत्तीस टक्के, त्यावर वेगाचे अकरा. मिळून दीडपट. म्हणजे शेकडा अकरा वेगासाठी दीडपट वीज. असलं कर्ज कोणी मागायला आलं असतं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. ८८ वॅटचा प्रोसेसर सव्वाशेच्या पुढे गेला, आणि सकाळचा तोंडी हिशेब मी पुन्हा मांडला नाही. वर सायबरपंकमध्ये अडत होतं ते ग्राफिक्स कार्डापाशी. प्रोसेसर ताणून तिथे फारसं काही हाती लागणारच नव्हतं.

४.३५. उरले २ तास ४९ मिनिटं

आरएक्स ५८०. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस राबलेली अशी कार्डं बाजारात उतरली. आमचं त्यातलंच असावं. पट्ट्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता, तो रंगाच्या ब्रशने काढला. भाच्याने मात्र एक गोष्ट शहाण्यासारखी तपासली : आत कोर २३०४ आहेत की २०४८. नाव तेच ठेवून कमी कोरांची कार्डंही फिरतात. आमचं पूर्ण निघालं.

कार्डाला आठ पिनांची वायर लागते. फुकटच्या एसएमपीएसला ती नव्हती. जुनं कार्ड ७५ वॅटचं, ते बोर्डाच्या खाचेतूनच पोट भरायचं, म्हणून ही उणीव पाच वर्षं दिसलीच नाही. त्यासाठीच तो शंभर रुपयांचा कन्व्हर्टर : दोन जुने मोलेक्स एका बाजूला, आठ पिना दुसऱ्या बाजूला. प्रोसेसरच्या आठ पिनांच्या खाचेतही चारच पिना खोचलेल्या होत्या, चार भोकं रिकामी.

फरमार्क लावून कार्ड वीस मिनिटं तापवलं. पास. प्रोसेसर आधीच पास झाला होता. परीक्षा आम्ही दोघांची वेगवेगळी घेतली. एक राबत असताना दुसरा आराम करत होता. दोघांना एकदम कामाला लावून पाहायचं आमच्या डोक्यात आलंच नाही.

६.२०. उरले १ तास ४ मिनिटं

सायबरपंक. रात्रीचं शहर, पाऊस, निऑनचे दिवे, आणि लोक घाई असल्यासारखे भराभर चालत होते. भाचा काही बोललाच नाही, नुसता हसत होता. सांगायला हवं, फार सुंदर दिसत होतं.

दुसऱ्याच मिनिटाला टेबलाखालचा यूपीएस सलग किंचाळू लागला. सहाशे व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॅटचा. दिवसभरात खरं बोललेलं एकमेव यंत्र हे.

"मामा, याची बॅटरी गेली वाटते," भाचा म्हणाला आणि त्याने पीसीची पिन काढून थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावली. किंचाळणं थांबलं. मी म्हटलं, शाबास.

७.१०. उरली १४ मिनिटं

"काही जळतंय का?" बायकोने गॅसवरचं वरण पाहिलं. वरण ठीक होतं. भाचा म्हणाला, नवीन कूलर आहे, पहिल्या दिवशी वास येतोच. मी वाकून कॅबिनेटमागे हात धरला. एसएमपीएसच्या जाळीतून येणारी हवा हेअर ड्रायरसारखी होती. कन्व्हर्टरची पिवळी वायर मोलेक्सच्या तोंडाशी तपकिरी पडली होती. ते मी पाहिलं. मनात आलं, मॅचनंतर बघू. साडेसातला आयपीएलची फायनल होती.

बाहेरच्या खोलीत बायकोने डेझर्ट कूलरचं बटण दाबलं. मोटर घुमली, बल्ब क्षणभर मिणमिणले.

७.२४

आवाज सुतळी बॉम्बसारखा नव्हता, त्याहून कोरडा. लाकडी फळी फरशीवर आपटावी तसा. जाळीतून निळसर झोत, मग पांढरा धूर, आणि घरभर अंधार. एमसीबी पडला होता. धुराला सडक्या मासळीचा वास. डेझर्ट कूलरचा पंखा आपल्याच वेगाने थोडा वेळ फिरत राहिला आणि थांबला. आपल्या घरात केवढा गोंगाट असतो हे मला तेव्हा कळलं.

७.३१

सगळ्या पिना काढल्या, खिडक्या उघडल्या. बायकोने मोबाइलचा टॉर्च कॅबिनेटच्या पोटात धरला. एसएमपीएसवरचं ४५० मोठ्या अक्षरांत होतंच, पण ती त्याच्या खालचा तक्ता वाचत होती. मुंगीएवढी अक्षरं, पाच वर्षांत मी एकदाही न वाचलेली. सगळ्या तारांवरची वीज एकत्र करून ते ४५० झाले होते. कार्ड आणि प्रोसेसर जेवतात ते फक्त पिवळ्या तारेतून.

"बारा व्होल्ट, अठरा अँपियर," ती म्हणाली. "दोनशे सोळा. तुम्ही किती लावलं होतं?"

मी मनात बेरीज केली. कार्ड १८५, प्रोसेसर सव्वाशे. बोललो नाही.

"आणि माझे पेपर?"

तेवढ्यात शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली. "तुमच्याकडची लाइट गेली का हो? आमच्याकडे आहे."

"आमचीच गेली."

"मग काही बिघडलं नाही," काकू म्हणाल्या. "अहमदाबादला पाऊस चालू आहे. टॉससुद्धा नाही झाला अजून."